दुसरा साक्षीदार

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. म्हणाले, कोशाच्या कामाच्या आठवणी लिहून द्या, ते जुने दिवस, तो दुष्काळ, असं काहीतरी. मी हो म्हणणार तेवढ्यात त्यांच्या तोंडून निसटलं, “आधी इंदूताईंना विचारलं होतं. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. त्यांनीच तुमचं नाव सुचवलं.” झालं. म्हणजे या वयातसुद्धा मला तिच्या हातचंच उरलेलं मिळायचं. मेथीच्या दोन काड्या पानांसकट कचऱ्यात गेल्या. मग म्हटलं, लिहिते. पण माझ्या नजरेनं लिहीन, आणि माझी नजर काही मायाळू नाही. पगार घेऊन चुका शोधायची तिला सवय आहे.

सत्तरनंतरच्या त्या पहिल्या वर्षांत नगरला एका कॉलेजच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. जिल्ह्यातल्या बोलीचा कोश करायचा, गावोगावचे शब्द गोळा करून छापायचे, असा घाट तात्यांनी घातला होता. तात्या म्हणजे आमचे संपादक. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेले, धोतर, काळी टोपी आणि तोंडात लवंग. प्रत्येक शब्दाला एक कार्ड. वर शब्द, खाली अर्थ, बोलण्यातलं एक वाक्य, मग गाव आणि सांगणाऱ्याचं नाव. ही कार्डं चपलांच्या दुकानातून मागून आणलेल्या खोक्यांत लावलेली असत. माझी नात कॉम्प्युटरवर असलंच काहीतरी करते आणि त्याला डेटाबेस म्हणते. आम्ही खोकी म्हणायचो.

शब्द आणायचं काम इंदूचं, ते तपासायचं माझं. लोक विचारत, “शब्दांत तपासायचं काय असतं? शब्द तो शब्द.” आता ऐका. एका कार्डावर लिहिलेलं असे, ‘एक प्रकारचे भांडे’. अहो, कसल्या प्रकारचं? पितळेचं की मातीचं, त्यात दूध तापवतात की कोंबड्यांना पाणी ठेवतात? असं कार्ड मी परत पाठवी. दुसऱ्यावर असे, ‘डालगं: पाहा पाटी’. पाटीचं कार्ड काढावं तर ‘पाहा टोपलं’, आणि टोपलं म्हणे, ‘पाहा डालगं’. वाचणारा बिचारा गोल फिरून पुन्हा दारात. एकाच वस्तूचा अर्थ तीन खोक्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडे. ते सगळं एका सुरात आणायचं. या कामात कुणी शाबासकी देत नाही. तपासणारीचं काम चांगलं झालं की काही दिसतच नाही.

सगळ्यांत मोठा नियम दोन साक्षीदारांचा. तात्यांचे वडील कोर्टात कारकून होते, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात कोर्ट फार. शब्द कोशात जायचा तर दोन वेगळ्या घरच्या माणसांनी तो आपणहून उच्चारला पाहिजे. आपण शब्द सांगून “तुमच्याकडे असं म्हणतात ना?” विचारायचं नाही, कारण खेड्यातला माणूस पाहुण्याचं मन मोडत नाही, तो “व्हय व्हय” म्हणतो. सांगितल्यावर ओळखला तर साक्ष धरायची नाही, ही पुस्ती माझी. एकच साक्षीदार असलेली कार्डं वेगळ्या खोक्यात वाट बघत पडून राहत.

या नियमावरून एक गंमत झालेली सांगते. सोनईकडचे एक गृहस्थ एकदा तणतणत ऑफिसात आले. त्यांना कुठून तरी कळलं होतं की त्यांच्या घराण्याचं गावातलं टोपणनाव आमच्या कोशात आहे आणि त्याचा अर्थ ‘फुकट खाणारा’ असा दिला आहे. शब्द इथे लिहीत नाही, त्यांची नातवंडं हा अंक घेतात. मी कार्ड काढून बघितलं, तर ते वाट बघणाऱ्या खोक्यात होतं. साक्षीदार एकच. मी म्हटलं, “काका, हा शब्द अजून कोशात धरलेलाच नाही.” ते आणखीच पेटले आणि तो शब्द स्वतःच मोठ्यानं उच्चारून म्हणाले, “धरला न्हाई म्हंजी? अवो, सगळं गाव आमाला त्योच म्हनतंय, आज्यापासून. फुकट खाऊ म्हनून.” मी शांतपणे पेन काढलं आणि त्यांचं नाव विचारलं. दुसरा साक्षीदार मिळाला होता. तात्या आतल्या खोलीत तोंडात उपरणं कोंबून हसत होते.

आता इंदूबद्दल. गावोगाव हिंडायचं काम तात्यांनी आधी मला विचारलं होतं, हे कुणाला माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहिते. महिन्यातले निम्मे दिवस एसटीनं फिरायचं, कधी पाटलाकडे, कधी शाळामास्तरांकडे मुक्काम करायचा. घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, “शब्द आणायला कशाला जायला पाहिजे? घरात कमी पडलेत का?” आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “खुर्चीवरचं काही असेल तर बघ.” म्हणून मी खुर्चीवर बसले आणि माझ्या जागी इंदू आली. संगमनेरकडची, प्रवरेच्या काठची, माझ्याहून वयानं लहान, लग्नाची घाई नसलेली आणि बापानं कधी “कुठं गेली होतीस?” न विचारलेली.

ती गावाहून परत आली की ऑफिसात सण असल्यासारखं वाटे. पिशवीत कार्डं, आणि कार्डांच्या वर शेंगा, हुरडा, कुणीतरी दिलेला गूळ. बायका तिला साडीचोळी करत. एकीनं तर आपल्या नव्या नातीचं नाव इंदू ठेवलं. तात्या तिच्याभोवती खुर्ची ओढून बसत आणि ती गावच्या बाईची नक्कल करून एकेक शब्द सांगे. मी पलीकडे बसून ‘एक प्रकारचे भांडे’वर लाल रेघ मारत असे. मला तिचा हेवा वाटायचा. सौम्य शब्द शोधले नाहीत असं नाही, कोशातच बसलेली होते, पण नेमका शब्द हाच. तिच्या चपलांवरच्या धुळीचासुद्धा हेवा वाटायचा.

दुपारी मात्र आम्ही दोघी एकत्र जेवत असू, कारण तिसरी बाई ऑफिसात नव्हती. माझा डबा पितळी, तिची भाकरी झाकणाच्या लहानशा बांबूच्या टोपलीत. तिला ती शिपतर म्हणे. तसल्या टोपलीला माझ्या माहेरी, पारनेरकडे, वेगळाच शब्द होता, आणि पहिल्या दिवशी मी तो सहज बोलून गेले. इंदूनं उष्ट्या हातानंच पेन शोधलं. दुसऱ्या दिवशी तपासायच्या कार्डांत ते कार्ड माझ्यापुढे आलं: माझा शब्द, माझं माहेर, सांगणाऱ्याच्या जागी माझंच नाव. साक्षीदार एक. मी ते वाट बघणाऱ्या खोक्यात टाकलं. इंदू म्हणाली, “अहो शालिनीताई, तुमचा स्वतःचा शब्द आहे.” मी म्हटलं, “म्हणूनच.” आजही तेच करीन.

मग दुष्काळ पडला. त्याचं वर्णन करत नाही, ज्यांनी रेशनवरच्या मिलो ज्वारीची भाकरी खाल्ली त्यांना सांगायला नको. पाथर्डी-शेवगावकडची गावंच्या गावं दुष्काळी कामांवर आली, रस्ते, पाझर तलाव, खडी. इंदूच्या डोक्यात आलं की आता गावोगाव हिंडायचं कारणच काय, सगळा जिल्हा एका जागी खडी फोडतोय. सोनईच्या पलीकडे एका पाझर तलावाच्या कामावर ती जाऊ लागली, बायांच्या घोळक्यात बसून कानावर येईल ते टिपू लागली. महिन्यामागून महिने पिशव्या भरून कार्डं येत राहिली. तात्या हरखून गेले. त्याच सुमाराला संस्थेनं एक कायमची जागा मंजूर केली, सहसंपादकाची. तोवर आम्ही दोघी हंगामी होतो. जागा एक आणि बाया दोन. तात्या तोंडानं काही बोलले नव्हते, पण इंदूच्या पिशवीकडे बघून बोलल्यासारखेच होते.

मला ती जागा हवी होती. पगारासाठी तर हवीच होती, पण कोशाच्या पहिल्या पानावर माझं नाव हवं होतं, म्हणजे सासूबाईंना वाचून दाखवलं असतं.

म्हणून मी तिची कार्डं बारकाईनं तपासायला घेतली. माझं ते कामच होतं, पण त्या वेळी जरा जास्तच आवडीनं केलं. आणि मला सापडलं. दुष्काळाच्या आधी इंदू पाथर्डीकडच्या एका गावी जाऊन आली होती. तिथल्या बायकांनी भाकरीबरोबरच्या पातळ भाजीला सांगितलेला शब्द होता कोरड्यास. आता तलावावर त्याच गावच्या बाया, काही तर त्याच नावांच्या, त्याच पदार्थाला म्हणत होत्या कालवण. एक असतं तर मी सोडून दिलं असतं. पण चुलीपासून चपलेपर्यंत तेच. पाथर्डीच्या नावावर सोनई-नेवाशाचे शब्द, नेवाशाच्या नावावर शेवगावचे. कार्डावरच्या गावावर विसंबायची सोय राहिली नव्हती, आणि गाव खोटं म्हणजे कार्ड खोटं. मी दोन्ही हंगामांची कार्डं तात्यांच्या टेबलावर शेजारीशेजारी मांडली. कडा जुळवून मांडली, आनंदानं.

तात्यांनी लवंग चघळायची थांबवली. म्हणाले, “शालिनीबाई, हे इथे बसून ठरणार नाही. दोघी जा आणि विचारून या.” घरी मी सांगितलं की साहेबांचा हुकूम आहे. सासूबाईंनी पिशवी काढून दिली.

अशी मी पहिल्यांदा गावी गेले, तीही इंदूच्या मागून. तलावाच्या भरावावर बायांची रांग लागलेली, डोक्यावर मातीच्या पाट्या. इंदूला बघताच रांगेतून हाका सुरू झाल्या. “आली का गं बया, लई दिसांनी?” मला कुणी ओळखत नव्हतं. मी छत्री धरून उभी.

दुपारी सुट्टी झाली, बाया घोळक्यानं जेवायला बसल्या. मी माझ्या पद्धतीनं विचारायचं ठरवलं. एकेकीला बाभळीच्या आडोशाला न्यायचं, तिच्या भांड्यातल्या भाजीवर बोट ठेवायचं आणि “हे काय?” एवढंच म्हणायचं. पहिली आली गयाबाई. पाथर्डीकडची, हातांना खडीचे घट्टे, नजर माझ्या छत्रीवर. म्हणाली, “कोरड्यास.” दुसरी म्हणाली कोरड्यास. तिसरीही तेच. म्हणजे इंदूनंच कार्डं चुकीची लिहिली होती. मला हे तर हवंच होतं, पण इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. तेवढ्यात घोळक्यातून गयाबाईचाच आवाज आला, “ए सोनईवाले, वाईच कालवन दे की.”

मी तिला पुन्हा बाजूला घेतलं. “गयाबाई, आत्ता तर तुम्ही कोरड्यास म्हणालात.”

“व्हय.”

“मग आता कालवण का म्हणालात?”

“बाई, ती सोनईची हाय. तिला कोरड्यास म्हनलं की पयल्या दिशी हसली. मंग मी तिला समजंल आसं म्हनती. तीबी माझ्याशी बोलताना कोरड्यास म्हनती. एका जागी खायचं तर बोलायला नगं का?” मग छत्रीकडे बोट करून म्हणाली, “पर तुमी कोन? ह्या ताई लिवत्यात, ते आमी वळखितो. तुमी काय करता?”

मी म्हटलं, “या लिहितात ते बरोबर आहे का, ते मी बघते.”

“आन् तुमचं कोन बघतं?”

मी छत्री मिटली. इंदू जवळच होती आणि तिनं ऐकलं, याचाच मला राग आला.

परत आलो. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल माझ्या बाजूनं दिला. तलावावरची सगळी कार्डं गावाच्या नावावर धरता येणार नाहीत, बाद. इंदूचं कित्येक महिन्यांचं काम गेलं. मी त्या दिवशी घरी शिरा केला. ह्यांनी विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, सहज. शिऱ्यात बेदाणे घालायलाही विसरले नाही. जागा आता माझीच, हे मी मनात पक्कं धरलं होतं.

इंदू रडली असती तर मला बरं वाटलं असतं. आठवडाभर ती रोजच्यासारखी माझ्याशेजारी बसून जेवली. मग एके दिवशी तात्यांना म्हणाली, “ती बाद कार्डं मला द्याल का?” कचऱ्यात जाणारी कार्डं, द्यायला काय हरकत? इंदू ती घरी घेऊन गेली. पुढच्या काही महिन्यांत ती सुट्टी काढून पुन्हापुन्हा तलावावर गेली आणि कोण कुणाशेजारी बसते, कोण कुणाला शब्द देते, कोणता शब्द घरी परत जातो आणि कोणता वाटेतच राहतो, हे तिनं टिपून काढलं. त्यावर एक लेख लिहिला. दुष्काळात माणसं एकत्र आली की बोली कशी हलते, असा काहीसा विषय. पुण्याला तो वाचला गेला. मोठमोठे प्राध्यापक उभे राहून बोलले म्हणे. तात्या पुण्याहून आले ते पेढे घेऊन.

चूक मी शोधली आणि शोध तिचा झाला. मला दिसलं तेव्हा मी त्यावर लाल रेघ मारली. तिनं त्याच रेघेखाली बसून लेख लिहिला. बरं, तिनं चोरलं म्हणावं तर लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात माझं नाव, बिनचूक, आडनावासकट, की ही गोष्ट प्रथम यांच्या लक्षात आली. तक्रारीलाही जागा ठेवली नाही. असल्या माणसाचा हेवा करणं किती अवघड असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. सहसंपादकाची जागा तिला मिळाली. सासूबाईंना मी कोशाचं पहिलं पान कधी वाचून दाखवलं नाही.

त्या कोशाचा पहिला खंड निघाला तो शेवटचाच. पैसे संपले, तात्या गेले, इंदू पुण्याला मोठ्या जागेवर गेली. खोकी पोत्यांत भरून कुठल्याशा गोदामात रवाना झाली. वाट बघणारं खोकंही त्यांतच. मी एका शाळेत ग्रंथपाल झाले आणि तिथं निवृत्त झाले.

हे सगळं मी कुणाला सांगितलंही नसतं. पण मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी घरी आली, विद्यापीठात बोलींवर काम करणारी. म्हाताऱ्या बायकांचे शब्द मोबाईलवर रेकॉर्ड करत होती. मी मनात म्हटलं, अखेर मला कुणीतरी विचारायला आलं. ती एकेक चित्र दाखवी आणि मी शब्द सांगे. झाकणाच्या लहान बांबूच्या टोपलीचं चित्र आलं. मी म्हटलं, “शिपतर.” ती पुढे लिहायला लागली, ‘पारनेर’.

“थांब,” मी म्हटलं. “ते खोड. शिपतर माझा शब्द नाही. तो माझ्या ऑफिसातल्या एका बाईचा, संगमनेरकडचा. आम्ही एकत्र जेवायचो.”

“मग तुमच्याकडचा कोणता, आजी?”

मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. आईचं स्वयंपाकघर आठवलं, चुलीच्या डावीकडचा कोनाडा आठवला, त्यात ती टोपली आठवली, आई तिच्यावर फडकं टाकायची ते आठवलं. शब्द नाही. मुलगी म्हणाली, राहू द्या. राहू कसं द्यायचं? पुढचे कितीतरी दिवस मी घरात फिरताना ओठ हलवत होते. सून डॉक्टरकडे न्यायच्या गोष्टी बोलू लागली. पहिला खंड काढून अथपासून इतिपर्यंत वाचला. त्यात नव्हता, आणि नसणारच. साक्षीदार एक म्हणून तो मीच बाजूला ठेवला होता. पारनेरला फोन केले, चुलत बहिणींना विचारलं. एक म्हणाली टोपली, दुसरी म्हणाली, “अगं, आता प्लास्टिकचे डबे असतात.”

शेवटी जे करायचं नव्हतं ते केलं. इंदूला फोन लावला. ऑपरेशन तेव्हा व्हायचं होतं, तिला नीट दिसत नव्हतं, पण आवाज तोच, सणाचा. मी इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, “इंदू, तुझ्या शिपतराला मी काय म्हणायचे?”

तिनं क्षणाचाही वेळ घेतला नाही. शब्द सांगितला. आणि वर म्हणाली, “पहिल्याच दिवशी म्हणाला होतात तुम्ही, शालिनीताई. ‘आमची आई यात भाकरी ठेवून वर ओलं फडकं टाकते.’ वाक्य म्हणून तेच लिहिलं होतं मी कार्डावर. आणि तुम्ही ते वाट बघायला टाकून दिलंत.”

ओळखला, हो. ऐकताक्षणी ओळखला. पण सांगितल्यावर ओळखला तर साक्ष धरायची नाही, हा नियम माझाच आहे, आणि तो मी शेकडो बायांना लावला आहे. तेव्हा त्या शब्दाच्या कार्डावरून माझं नाव आता कमी झालं.

म्हणून तो शब्द मी इथे छापत नाही. पारनेरकडच्या कुणाला तो आपणहून आठवला तर संपादकांना कळवावं, दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी आहे. पहिली भरलेली आहे. माझ्या आईच्या कोनाड्यातला शब्द, आणि आज साऱ्या जगात तो एकट्या इंदूला येतो.